पाठमोरी

डबा टेबलावर ठेवताना झाकणाच्या कडेला मावशीचा कंगवा दिसला आणि माझे हात आपोआप मागे आले. खराखुरा कंगवा नव्हे. सुईच्या टोकानं पत्र्यावर ओरखडलेली एक आडवी रेघ आणि तिच्याखाली चार-पाच दात. मूकपटांच्या काळात फिल्म जोडणाऱ्या प्रत्येक बाईची अशी आपली खूण असायची. पडद्यावर चालू चित्रात जोड तुटला की कुणाच्या नावानं ओरडायचं ते मालकांना कळावं म्हणून. कुणाचं पान, कुणाचा मासा, मावशीचा कंगवा. पुढे मी त्याच कामाला बसले तेव्हा मी बटण काढायला लागले, कारण मला गोल तेवढा बरा जमायचा. बटणं मी आयुष्यभर पाहिली, पण कंगवा मावशी गेल्यानंतर पुन्हा कुठे दिसला नव्हता. पत्रा तांबूस झाला होता, झाकण मधे फुगलं होतं, आणि कंगवा मात्र काल ओढल्यासारखा.

"काय झालं बाई? चावलं की काय?" मॅडमनी विचारलं.

"गंज लागला हाताला."

मॅडम माझ्या सुनेच्या वयाच्या. जुन्या चित्रपटांचं हे सगळं भांडार त्यांच्या ताब्यात आहे. जुन्या फिल्मचं रसायनशास्त्र त्या शिकून आल्यात आणि माझ्याशी बोलताना ते कधी अंगावर फेकत नाहीत. मी निवृत्त झाले तेव्हा केक कापला, आणि आठवड्याभरात त्यांचा निरोप आला, बाई, एक रीळ अडलंय, येता का? तेव्हापासून येतेच आहे. मेला मुहूर्तच असा निघालाय की माझी काही सुटका नाही, असं मी म्हणते आणि त्या हसतात.

डबा घेऊन आलेला माणूस दारातच उभा होता. मालकांचा नातू. कुठल्या मालकांचा ते मला त्याच्या हनुवटीवरूनच कळायला हवं होतं. आजोबांचा बंगला विकायला काढला, तेव्हा माळ्यावर हा एकच डबा मिळाला, म्हणाला. गाडीच्या मागच्या सीटवर टाकून भर उन्हात घेऊन आला होता.

"गाडीत सिगारेट ओढली नाहीत ना?" मॅडमनी विचारलं.

"दोन ओढल्या. का?"

"काही नाही. घरी गेलात की बायकोला सांगा, आजपासून वाढदिवस याच तारखेला करायचा."

तो हसला. त्याला कळलं नाही. जुनी फिल्म म्हणजे सुरुंगाच्या दारूची चुलत बहीण आहे. उन्हात तापली तर काडी न लावता पेटते. आणि एकदा पेटली की तिला हवा लागत नाही, पाण्यात बुडवली तरी पाण्याखाली जळत राहते. म्हणून आमचं कोठार अंगणाच्या पार टोकाला आहे. भिंती जाड आणि छप्पर मुद्दाम पातळ, म्हणजे उडालंच तर वर उडावं, शेजाऱ्यांवर नको. आमच्या टेबलाखाली दिवा नसतो. एक आरसा असतो, खिडकीतला उजेड तो काचेवर फेकतो आणि त्या काचेवरून आम्ही फिल्म बघतो. अंगावर सुती कपडे, पायात काही नाही. एवढी वर्षं मी या भीतीबरोबर काम केलं. ही भीती मला घरातल्या पाळीव कुत्र्यासारखी माहीत आहे, कधी गुरगुरते, कधी झोपते. पण डब्यावरचा कंगवा बघून जे आलं ते वेगळं होतं.

मॅडमनी झाकणावरचा कागद वाचला. "'नदी. अपूर्ण.' एवढंच लिहिलंय. तुम्हाला काही आठवतं का हो या नावाचं?"

मी नाही म्हणाले.

मला काही आठवत नाही हे एका अर्थी खरंच होतं. मी तेव्हा तीन वर्षांची होते. मला आठवतो तो फक्त एक लखलखाट, म्हणजे पाण्यावरचं ऊन, आणि टाळ्या. खूप माणसं टाळ्या वाजवताहेत, मी कुणाच्या तरी कडेवर आहे आणि मीही वाजवते आहे. लहानपणी मला ही आठवण आवडायची. झोप येत नसली की मी ती काढायची. मग मोठी झाल्यावर एकदा मावशीला सांगितली. मावशी फिल्मची कड खरवडत होती. तिचा हात थांबला. "तेव्हा तू माझ्या कडेवर होतीस," ती म्हणाली. "सगळ्यांना वाटलं, काय छान काम करतेय." आणि परत खरवडायला लागली. त्यानंतर ती आठवण मी काढली नाही. ती आपणहून येते.

माझी आई नटी नव्हती. कॅमेरा फिरवणाऱ्याची बायको होती. कथेतली नायिका नदीत जीव देते, असा प्रसंग होता, आणि नायिकेचं काम करणारीला पाण्याची भीती वाटायची, गुडघ्यापलीकडे जायला तयार नव्हती. माझ्या आईला पोहता यायचं. बांधा साधारण तिच्याएवढाच. मालक म्हणाले, पाठमोरं तर जायचंय, कोण ओळखतंय. आईला नायिकेचे कपडे घातले आणि एकच बजावलं, काहीही झालं तरी मागे वळायचं नाही. तोंड दिसलं की दृश्य फुकट गेलं. तेव्हा फिल्म फार महाग, बाहेरून यायची. आत जायचं, हात वर करायचे, बुडाल्यासारखं करायचं, आणि मालकांची शिट्टी झाली की पोहत बाजूला यायचं. बाबांनी तिच्याशी आदल्या संध्याकाळी घरी ठरवलं. खरंच काही झालं, पाय अडकला, पेटका आला, तर वळ. ओरडू नकोस, प्रवाहाच्या आवाजात ऐकू यायचं नाही. नुसती वळ. तू वळलीस की मी समजेन आणि कॅमेऱ्याचं हँडल सोडून येईन.

ही सगळी गोष्ट मला बाबांनीच सांगितली, आणि एकदा नव्हे. जेवताना सांगायचे, रस्त्यानं चालताना सांगायचे, मी काही विचारलेलं नसताना. शेवटी नेहमी तेच वाक्य. "ती वळली नाही. वळली असती तर मी हँडल सोडलं असतं." त्या वाक्याला ते आले की मावशी उठून पाणी आणायला जायची. घरात पाण्याचा तांब्या भरलेला असला तरी जायची. मला वाटायचं, तिला रडू येतं म्हणून.

बाबांनी त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावला नाही. शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. हातानं फिरवायची ती जुनी यंत्रं. दुरुस्त झालं की दोरा न ओवता चाक फिरवत बसायचे, एका लयीत, आणि बरोबर तोंडातल्या तोंडात एक चाल. त्या चालीला शब्द नव्हते. कॅमेरा फिरवताना वेग कमी-जास्त होऊ नये म्हणून प्रत्येकाची अशी एखादी चाल असायची, कुणी मनात म्हणायचा, कुणी शीळ घालायचा. बाबा त्याच चालीवर मला झोपवायचे. चहात साखर ढवळताना त्यांचा हात तसाच फिरायचा, साखर विरघळून गेली तरी. म्हातारपणी झोपेतही चादरीवर उजवा हात गोल गोल. मावशी म्हणायची, "फिरवा, फिरवा. तिकडे कोण बघतंय?" आम्हाला तो विनोद वाटायचा. बाबाही हसायचे.

आणि आईचा एकही फोटो नाही. कॅमेऱ्याच्या माणसाच्या घरी बायकोचा फोटो नाही, कारण कॅमेरा मालकांचा आणि फिल्मही मालकांची. मी मावशीला विचारायची, आई दिसायला कशी होती? "आरशात बघ," मावशी म्हणायची. "नाक तेवढं बाबांचं सोडून दे." मी कितीतरी वर्षं आरशासमोर उभी राहून नाकावर बोट ठेवायची आणि उरलेल्या तोंडाकडे बघायची. ते कधी जुळून यायचं नाही. पुढे मी आईच्या वयाची झाले, मग तिच्यापेक्षा मोठी झाले, मग आरशात बघण्यात काही अर्थ उरला नाही. ती तिथंच थांबली, म्हणजे आता माझ्या नातवंडांच्या वयाची... असं काहीतरी मनात येतं आणि डोकं गरगरतं. "त्या दिवशीच्या रिळाचं काय झालं?" हेही मी विचारलं होतं. "जळालं," मावशी म्हणाली. बाबा समोर होते. ते म्हणाले, "हो. जळालं." माझ्या लक्षात राहिलंय, कारण ती दोघं एखाद्या गोष्टीवर एकमतानं बोलली असं त्या एकाच वेळी झालं.

आणि आता डब्यावर कंगवा होता.

मॅडमनी झाकण उचकटलं. वास आला. घामट मोज्यांसारखा, आणि त्यामागे काहीतरी गोड, कुजलेलं. आत रीळ होतं, कडेनं मधासारखा चिकट तवंग सुटलेला, एका बाजूला तपकिरी भुकटी. भुकटी झाली की संपलं. मग ते रीळ अंगणातल्या पाण्याच्या पिंपात बुडवायचं आणि माणसं येऊन घेऊन जाईपर्यंत तिथंच ठेवायचं. असा नियमच आहे, आणि योग्य आहे. एका सडलेल्या रिळापायी सगळं कोठार जाऊ शकतं. अशी शंकास्पद रिळं आली की मॅडम आणि मी दोघी वाकून बघतो, वास घेतो, आणि मग त्या माझ्याकडे बघतात. त्यांना माझं मत हवं असतं, आणि मी पिंप म्हणाले तर त्या बहुतेक पिंपच करतात.

"काय म्हणता?"

मला फक्त एक शब्द बोलायचा होता. तो खोटाही ठरला नसता. भुकटी होतीच. मी पिंप म्हणाले असते, मॅडमनी हळहळून मान हलवली असती, आणि पाण्यात डबा खाली जाताना बुडबुडे आले असते. तेवढ्यात मला ते दिसलं. पिंपाचं काळं पाणी, आणि आई परत पाण्यात जातेय, या वेळी मी सोडतेय. पण दुसरं त्याहून वाईट होतं. रीळ उघडलं तर ती एक तर वळलेली असणार किंवा वळलेली नसणार. वळली नसेल तर बाबा खरं बोलत होते, आणि मला तिची पाठ मिळेल, पाठच, जन्मभर. आणि तिचं तोंड बघायला मिळावं असं मला वाटत असेल तर ती वळलेली असावी, म्हणजे ती घाबरलेली असावी, म्हणजे तिनं हाक मारलेली असावी. माझ्या मनात आयुष्यभर जी एक साधी इच्छा होती, मुलीनं आईचं तोंड बघावं एवढीच, ती नीट उलगडून बघितली तर अशी होती.

"उद्या बघू," मी म्हणाले. "आज फार चिकटलंय."

"मीही तेच म्हणणार होते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी रीळ वाफेच्या बंद पेटीत ठेवलं, म्हणजे थर जरा सुटतील. पेटीला काचेचं झाकण आहे. निघताना मी एकदा वाकून बघितलं. काचेत माझंच तोंड दिसलं, नाकासकट.

घरी सून म्हणाली, "आलात? वासानंच कळलं. औषधांच्या दुकानात माणूस मेल्यासारखा वास येतो हो तुमच्या अंगाला, सासूबाई." तिची जीभ अशीच आहे, मन तसं नाही. तिनं पाणी तापवून ठेवलं होतं. अंघोळ करताना मी तांब्या डोक्यावर धरला आणि तो रिकामा करवेना. पाणी तोंडावरून गेलं की क्षणभर श्वास अडकतो, रोजच अडकतो, आज तो अडकणं मला सहन होईना. बाहेर आले तर मुलगा चहा पीत बसला होता. मी त्याला विचारलं, तुला आजोबा आठवतात का रे?

"हात आठवतो," तो म्हणाला. "झोपेत फिरायचा तो. मी एकदा धरला होता. लहान होतो, गंमत म्हणून. दोन्ही हातांनी धरला तरी थांबेना. मग ते जागे झाले."

"मग?"

"मग काय. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, सोड, रीळ संपायचंय अजून."

सून हसली. मुलगाही हसला. मी चहात साखर घातली आणि ढवळली नाही.

मला एक गोष्ट माहीत होती, आणि ती माहीत नसती तर बरं, असं त्या संध्याकाळी वाटत राहिलं. हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यात हात हळू झाला तर प्रत्येक फ्रेमवर उजेड जास्त वेळ पडतो आणि चित्र फिकट होत जातं. आणि हात थांबलाच तर शेवटची फ्रेम पांढरी होते, कोरी पांढरी, तिच्यात काही म्हणता काही उरत नाही. प्रत्येक दृश्याच्या शेवटी अशी एक पांढरी फ्रेम असायची. ती कापून टाकणं हे आम्हा बायकांचं पहिलं काम. मावशीनं मला शिकवलेली पहिली गोष्ट तीच. "पांढरं दिसलं की काप. तिथं माणसानं हात थांबवलाय." संध्याकाळी आमच्या पायाशी पांढऱ्या फ्रेमांचा खच असायचा, घरी जाताना केसांतून निघायच्या. तर हे रीळ अपूर्ण होतं. चित्रपट पुढे झालाच नाही, कापाकापीही झाली नसणार. धुतलं असेल, एकदा बघायला म्हणून छापलं असेल आणि मावशीनं डब्यात घातलं असेल. म्हणजे बाबांनी हँडल सोडलं असेल तर ती पांढरी फ्रेम त्यात अजून असणार. मी ती धरून बसले. वळली तर वळली. बाबा खोटं बोलले तर बोलले, वळली हे त्यांना सांगवलं नसेल. पण मग पांढरं असू दे. तिथं हात थांबलेला असू दे. ज्या फ्रेमा मी पोत्यांनी फेकल्या त्यातली एक मला हवी होती.

सकाळी मॅडम माझ्याआधी आल्या होत्या. आरसा पुसून ठेवला होता. रीळ चाकावर चढवलं, दुसऱ्या बाजूला रिकामं चाक, मधे उजेडाची काच. मॅडम माझ्या डाव्या हाताला बसल्या, थर सुटतो की नाही ते बघायला, हातात मऊ ब्रश. "सुरू केलं की थांबायचं नाही हं बाई," त्या म्हणाल्या. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे, पण हे म्हणायची पद्धत आहे. चिकटलेली फिल्म एका वेगानं ओढत राहिली तर सुटत जाते. हात थांबला की जिथे थांबला तिथं थर पुन्हा धरतो, आणि पुढच्या ओढीला चित्रच्या चित्र सोलून निघतं, नुसती पारदर्शक पट्टी हातात येते.

मी फिरवायला लागले.

सुरुवातीला काही नव्हतं, डाग आणि बुडबुडे. मग काठ दिसला. मग पाणी. इतकं साधं पाणी. मी लहानपणापासून ते लखलखतं धरून होते आणि ते राखाडी होतं. फ्रेमा काचेवरून सरकत होत्या, फार हळू, एक गेली की दुसरी, आणि त्यात एक बाई उजवीकडून आली आणि पाण्यात उतरली. पाठमोरी. खांदे अरुंद. चालताना डावा पाय जरा बाहेर टाकायची. मी तशीच चालते. मुलगा लहानपणी मला बदक म्हणायचा. मला एकदम हसू आलं.

"सुरेख सुटतंय," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "कॅमेरा कुणी फिरवलाय हो? काय हात आहे. एक फ्रेम कमी-जास्त नाही."

ते खरं होतं. उजेड अगदी एकसारखा होता. फ्रेमेमागून फ्रेम, तोच राखाडी रंग. मला ती चाल ऐकू यायला लागली. ती माझ्याच तोंडातून येत होती.

पाणी तिच्या कमरेशी आलं. छातीशी. तिनं हात वर केले, सांगितलं होतं तसे. काठावर इथे टाळ्या सुरू झाल्या असणार, आणि त्यातल्या दोन लहान तळव्यांच्या. पाणी खांद्याशी आलं. हात परत वर. मग एका हाताचा काहीतरी वेगळा प्रकार झाला, तो सांगितल्यासारखा वर गेला नाही, बाजूला गेला, काहीतरी धरायला गेल्यासारखा. तिथे धरण्यासारखं काही नव्हतं. मग खांदा. खांदा फिरायला लागला.

ती वळत होती.

आणि चित्र फिकट व्हायला लागलं. मी डोळे मिटले नाहीत. एक फ्रेम, तिच्यात कान दिसतो, जरा फिकट. पुढची, गाल, अजून फिकट. राखाडी पाणी पांढुरकं झालं. केसांचा काळेपणा विरला. त्यांनी पाहिलं. बाबांचा हात हळू झाला, म्हणजे त्यांनी पाहिलं. आता पुढची, आता पुढची पांढरी येणार. ये, मी म्हणत होते, ये, थांब, सोड, सोडा बाबा, आणि चित्र इतकं फिकट झालं होतं की तिचं तोंड पुरतं वळलं होतं तरी तिथं नुसता एक उजेडाचा गोळा होता. माझा हात हळू झाला. तो मी केला नाही. तो झाला.

"हात!" मॅडम ओरडल्या. "बाई, हात! थांबवू नका!"

आणि माझा हात फिरला. मला काही वाटायच्या आत, मी काही ठरवायच्या आत, तो पुन्हा त्याच वेगानं फिरायला लागला. काचेवरची पुढची फ्रेम जरा गडद आली. तिच्या पुढची अजून. पाणी पुन्हा राखाडी झालं, केस काळे झाले, आणि त्या उजेडाच्या गोळ्यात डोळे आले, मग नाक, मग उघडं तोंड. स्पष्ट. एकदम स्पष्ट. एकसारख्या वेगानं फिरणाऱ्या हाताशिवाय कुणाचं तोंड इतकं स्पष्ट येत नाही. ती सरळ माझ्याकडे बघत होती. माझ्यासारखी नव्हती. मावशी खोटं बोलली होती, नाक सोडून सगळंच वेगळं होतं, आणि नाक माझंच होतं. मी जन्मभर जे बोटाखाली झाकलं तेच तेवढं तिचं होतं. एक फ्रेम, दुसरी, तिसरी. मला थांबून बघायचं होतं. थांबले असते तर ते सोलून निघालं असतं. ती बघत होती आणि मी फिरवत होते.

बाबांवरही असंच कुणीतरी ओरडलं असेल. हात!

मग तोंड खाली गेलं. मग केस. मग पाणी. नुसतं पाणी, एकसारखं, शांत, फ्रेमेमागून फ्रेम, त्यात कुणी नाही. फिकट नाही, गडद नाही. मी पांढऱ्या फ्रेमेची वाट बघत राहिले. पाणीच येत राहिलं. कितीतरी वेळ पाणी. आणि मग पाण्याच्या मधेच, पांढरं वगैरे काही न होता, फिल्मचं टोक आलं आणि चाकावर फटफट वाजायला लागलं. रीळ संपलं होतं.

"बाई," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझा दंड धरला होता. "बाई, झालं. सोडा."

मी चाक सोडलं.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "एक क्षण मला वाटलं, गेलं. थांबला असतात तर तोंड सगळं निघून आलं असतं. बरं झालं हात चालू ठेवलात." मग म्हणाल्या, "ती अभिनय करत नव्हती. हो ना?"

"नाही."

"कोण होती?"

"आई."

त्यांना वाटलं मी अगं आई गं म्हणाले. त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून बसल्या. मग त्यांना कळलं. त्यांचा हात तिथंच राहिला, फक्त जड झाला. आरशावरून उजेड सरकला आणि काच हळूहळू काळवंडली.

"याची कॉपी करायची की नाही ते तुम्ही सांगा," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही पिंप म्हणालात तर पिंप. मी कुणाला काही सांगणार नाही. भुकटी आहेच."

मी अंगणाकडे बघितलं. पिंपावर झाकण होतं.

"करा," मी म्हणाले.

"नक्की?"

"ती वळलीय. आता कुणी तिला परत पाठमोरी करायला नको."

त्यांनी मान हलवली. लेबलाचा कागद ओढला, नाव लिहिलं, 'अपूर्ण' हा जुना शब्द तसाच ठेवला. कामाचं काही विचारलं की माणसाला बरं वाटतं हे त्यांना माहीत आहे. म्हणून त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "पडद्यावर किती वेगानं चालवायचं लिहू? हातानं फिरवलेलं आहे. आताच्या वेगानं लावलं तर सगळी तुरुतुरु धावतील. तुम्हाला अंदाज आहे का?"

मी तोंडानं सांगू शकले असते. पण उजवा हात मांडीवरून उठला आणि हवेत फिरायला लागला, गोल, एका लयीत. असं, मी म्हणाले. या वेगानं. मॅडम थोडा वेळ बघत राहिल्या, घड्याळाकडे आणि हाताकडे, मग त्यांनी लिहून घेतलं.

"कळलं," त्या म्हणाल्या. "पुरे बाई. कळलं."

मी हाताकडे बघितलं. मी डाव्या हातानं तो धरला.